आपला दाखला तयार आहे

सोमवार, ३

साहेबांनी सांगितलंय, बदलाच्या काळात रोजची नोंद ठेवा. ठेवीन की. ऑफिसात, सभ्य भाषेत. खरं काय ते या वहीत.

तर खरं असं, की आजपासून आमच्या नगरपालिकेतला जुना प्रोग्रॅम बंद आणि नवा सुरू. जुना एका कंपनीचा होता. त्यात साधा एक रकाना इकडचा तिकडे करायचा म्हटलं तरी कंपनीला पत्र, मग कंपनीचा माणूस येणार, मग त्या माणसाची वाट बघत बसा. नवा कुणाच्याच मालकीचा नाही. खुलं सॉफ्टवेअर म्हणतात. आतली सगळी रचना कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी आणि आपली दुरुस्ती बाकीच्यांनाही वापरू द्यावी. ऐकायला छान. पण कुणाच्याच मालकीचं नसलेलं बिघडलं, तर ओरडायचं कुणावर? हे मी भर बैठकीत विचारलं. साहेब म्हणाले, "फार चांगला प्रश्न. तुम्हीच व्हा या कामाच्या प्रमुख." तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं माझं!

दाखले विभागात सगळ्यात जुनी मीच. जन्म, मृत्यू, दुकानांचे परवाने, कुत्र्यांचे परवाने, गटाराच्या तक्रारी, सगळं आमच्या खिडकीवर येतं. शेजारच्या खिडकीत पाणीपट्टीवाला बसतो. त्याला जुन्या कंपनीचा भारी पुळका. "फुकटात मिळालंय ना, मग चालणारही तसंच," हे त्याचं सकाळपासूनचं पालुपद.

नवं बसवून द्यायला एक इंजिनीयर मुलगी आली आहे. अंगाने एवढीशी, आणि सारखी या टेबलावरून त्या टेबलावर. दुपारपर्यंत तिचं नाव चिमणी पडलंसुद्धा. तिच्या कानावर गेलं तर हसली. म्हणजे निभावेल.

तिने मला विचारलं, जुन्या नोंदींमध्ये काही खोड्या आहेत का? म्हटलं, बस, सांगते. जुना प्रोग्रॅम फोन नंबर टाकल्याशिवाय पुढे सरकायचाच नाही. समोर म्हातारे गृहस्थ उभे, त्यांच्याकडे फोनच नाही, मागे रांग खोळंबलेली. मग काय, टाकायचो कुठलातरी नंबर आणि सुटायचो. "कुठलातरी म्हणजे कुठला?" "कुठलातरी म्हणजे कुठलातरी गं." ती पुढे काही विचारणार तेवढ्यात साहेबांनी तिला हाक मारली.

काम झालं की नवा प्रोग्रॅम लोकांच्या फोनवर आपोआप निरोप धाडणार आहे. त्यातली वाक्यं मी लिहायची. घरी येऊन आईंना आणि ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. 'आपला दाखला तयार आहे. ओळखपत्र आणून घेऊन जावा.' आई म्हणाल्या, "सरकारी असून गोड आहे हो." आई म्हणजे माझ्या सासूबाई. नोकरी संपेपर्यंत टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निरोप कसा असावा ते त्यांना बरोबर कळतं.

बुधवार, ५

जुन्या नोंदी नव्यात आणताना माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पडद्यावर नुसती एक पट्टी सरकत होती आणि आम्ही सगळे पाळण्याभोवती जमावं तसे तिच्याभोवती उभे. आल्या बाई एकदाच्या! एकही हरवली नाही. पाणीपट्टीवाल्याने नाक मुरडलं आणि चहा आणायला निघून गेला.

संध्याकाळी आई म्हणतात, "अगं, आपल्या दुकानाचा परवाना मंजूर झाला."

"कुठलं दुकान, आई?"

"तेच तुला विचारणार होते."

हे चष्म्याच्या दुकानात नोकरीला. लगेच म्हणाले, "बघ, शेवटी मालक होतोय मी." तिघंही खूप हसलो. आईंना कधीकधी अशी लहर येते.

शनिवार, ८

आता कुत्र्याचा परवाना. आई म्हणतात, निरोप आलाय, आपल्या कुत्र्याचा परवाना नव्याने काढून मिळाला. आमच्याकडे कुत्रा नाही. कधीच नव्हता, ह्यांना शिंका येतात.

म्हटलं दाखवा बघू फोन. फोन माझाच जुना, बटणांचा. मी नवा घेतला तेव्हा आहे तसा त्यांना देऊन टाकला. बघितलं तर आत काहीच नाही. आई म्हणाल्या, "वाचून पुसला." हे ह्यांनीच शिकवलंय. त्या फोनमध्ये जागा थोडी, भरली की अडकतो, म्हणून वाचलं की लगेच पुसायचं. आणि आईंची टापटीप काय सांगावी! कप विसळून पालथा घालावा तसा निरोप पुसून मोकळ्या होतात.

हे म्हणाले, "जाहिराती असतील. ती काहीतरी भलतंच वाचते." असेल.

मंगळवार, ११

आज हसू आलं नाही.

घरी आले तर आई फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेल्या. सकाळपासून बसल्यात म्हणे. जेवणही तिथेच आणून केलेलं. "गटाराची माणसं येणार आहेत आज. तपासणीला. घरी कुणीतरी असावं म्हणून निरोप होता." आमचं गटार ठणठणीत आहे. कुणी तक्रार केलेली नाही, केली असती तर माझ्याच खिडकीवर आली असती ना? समोरच्या शिंपीणबाईने मला हळूच बाजूला घेतलं. "आईंना बरं आहे ना? अंगणातला कोपरानकोपरा धुऊन काढला सकाळी." आईंना हाताला धरून आत आणलं. त्या मात्र रागावलेल्या, माझ्यावर नाही, गटाराच्या माणसांवर. "यायचं नव्हतं तर निरोप कशाला धाडावा?"

रात्री जेवताना त्यांनी तो विषय पुन्हा काढला तेव्हा हे आणि मी एकमेकांकडे बघितलं. आईंनी ते बघितलं. मग ताट उचलून मोरीत ठेवायला गेल्या.

ऑफिसात वेगळंच. लोक विचारायला लागलेत, निरोप येणार होता तो आला का नाही? सगळे नाहीत, काही. प्रोग्रॅम म्हणतो पाठवला. लोक म्हणतात आला नाही. चिमणी म्हणते, बहुधा टेलिफोन कंपनीकडे अडकत असतील, त्यांना लिहिते. पाणीपट्टीवाल्याच्या चेहऱ्यावर काय ते तेज!

गुरुवार, १३

नणंदबाईंचा फोन. शिंपीणबाईचं कुणीतरी त्यांच्या गावाला असतं, त्यामुळे बातमी पोचलीच होती. ताई म्हणाल्या, "दुकान, कुत्रा, गटार. हे सगळं तुझ्या ऑफिसातलं आहे ना? तू रोज घरी येऊन तेच बडबडतेस. तिच्या डोक्यात तेच फिरतंय. तुमची मुलंही बाहेरगावी. म्हातारं माणूस, दिवसभर एकटं."

फोन ठेवला. खरंच आहे की. वाक्यंसुद्धा माझीच आहेत! 'घरी कुणीतरी असावे, ही विनंती' हे मीच तर वाचून दाखवलं होतं. माझीच कटकट त्यांच्या डोक्यात जाऊन बसली. ऐकायलाही त्यांना किती आवडायचं. मी बोलायचे, त्या मध्ये मध्ये विचारायच्या, मग पुढे? मग साहेब काय म्हणाले?

आजपासून घरात ऑफिसचा एक शब्द काढायचा नाही. जे काय असेल ते इथे वहीत.

रविवार, १६

देवा. आज त्या म्हणाल्या, "माझ्या मृत्यूचा दाखला तयार आहे."

अगदी शांतपणे. मी भाजी चिरत होते. "काय म्हणालात आई?" "'आपला मृत्यूचा दाखला तयार आहे. ओळखपत्र आणून घेऊन जावा.' मी काय म्हणते, माझं ओळखपत्र कपाटात आहे, पण जायचं कुणी? मी गेले तर ते देतील का?" बोलताना जरा हसल्या.

हे उठून बाहेर गेले. मी फोन घेतला. आत काही नाही. पुसलेला.

सोमवार, १७

सुट्टी टाकून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वार कुठला, तारीख काय, उलटे आकडे म्हणा, घड्याळ काढून दाखवा. आईंनी सगळं धडाधड केलं, वर सांगितलं की तुमच्या भिंतीवरचं घड्याळ मागे आहे. मला वाटलं, सुटलो! मग बाईंनी विचारलं, "काही वेगळं जाणवतं का हल्ली?" आई आधी माझ्याकडे बघायला लागल्या, मग ह्यांच्याकडे. मग म्हणाल्या, "निरोप येतात."

"कुणाचे?"

"नगरपालिकेचे."

"काय म्हणतात?"

"मी मेले म्हणून दाखला तयार आहे."

डॉक्टरीणबाई बराच वेळ लिहीत होत्या. बाहेर आम्हाला म्हणाल्या, उत्तरं सगळी बरोबर आहेत, पण भास होत असतील तर लक्ष ठेवा, महिन्याने परत घेऊन या. भास. आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

गुरुवार, २०

ऑफिसात डोक्याला ताप. आज एक बेकरीवाला खिडकीवर हात आपटून गेला. त्याचा परवाना कधीचा तयार होऊन पडलाय, त्याला पत्ताच नाही. साहेबांनी मला आणि चिमणीला आत बोलावलं. "महिनाअखेरपर्यंत हे निस्तरलं नाही, तर पुन्हा जुन्या कंपनीकडे जावं लागेल." चिमणी म्हणाली, "टेलिफोन कंपनीचं उत्तर आलंय. त्यांच्याकडे काही अडकलेलं नाही. निरोप कुठेतरी पोचतायत." साहेब म्हणाले, "कुठेतरी म्हणजे कुठे?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे. मला काय माहीत!

खरं सांगायचं तर मला हल्ली ऑफिसची पर्वाच उरलेली नाही. फिरवा परत, जाऊ द्या. माझं सगळं लक्ष घरी.

शनिवार, २२

ताई आल्या. आई झोपल्यावर दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात दार लावून बसलो.

"मी आता घरीच असते," ताई म्हणाल्या. "एक खोली रिकामी आहे, रंगसुद्धा काढून घेतलाय. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. ती दार उघडं टाकून कुठल्याकुठल्या माणसांची वाट बघत बसते. उद्या खरंच कुणी भलता आत आला म्हणजे?" भांडावं असं त्यात काहीच नव्हतं, हेच जास्त लागलं. हे मान खाली घालून म्हणाले, "ताई म्हणते ते खोटं नाही."

उद्याचा सोडून पुढचा रविवार, म्हणजे तीस तारीख ठरली. मग प्रश्न आला, आईंना सांगायचं कुणी? ताई म्हणाल्या, तू तिच्या जवळची, तूच सांग. हे म्हणाले, हो, तुझं ऐकते ती. वा! म्हणजे मी सांगायचं, की आई, तुम्ही आता या घरात नकोत.

आणि एक गोष्ट इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे लिहू? ठरलं तेव्हा क्षणभर मला हलकं वाटलं. वाटलं, आता घरी येताना फाटकाशी काय दिसेल याची धास्ती नको. क्षणभरच. पण वाटलं. लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईशी मिठावरून, पंख्यावरून, खिडकीवरून भांडत आलेय. माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस उशाशी बसल्या त्या ह्याच.

मंगळवार, २५

आईंना बरं वाटतंय! शनिवारपासून निरोपाचं नावसुद्धा नाही. दुकान नाही, कुत्रा नाही, काही नाही. फोन बंद करून वरच्या फळीवर डब्यांच्या मागे ठेवलाय. विचारलं तर म्हणाल्या, "नको त्याला हात लावायला." मी ऑफिसचं बोलणं बंद केलं त्याचा गुण आला असणार. बाकी गप्प गप्प असतात, जेवणही कमी झालंय, पण ते चालायचंच. मी ह्यांना म्हटलं, आपण ताईंना थांबायला सांगू या का? हे म्हणाले, चार दिवस बघू.

पण मग केर काढताना पलंगाखाली झाडू अडला. आईंची बॅग. ओढून बघितली तर भरलेली! कपडे घडी करून, औषधं, जादाचा चष्मा, अंथरुणातली उशीसुद्धा. म्हणजे ताईंनी आधीच त्यांना सांगून ठेवलंय आणि यांना जायचंच आहे. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी इकडे जीव टांगणीला लावून बसलेय, सांगू कसं, सांगू कसं, आणि या बॅग भरून तयार!

बॅग होती तशी आत सरकवली. जाऊ द्या. लेकीची ओढ असतेच.

शुक्रवार, २८

आज सगळं लिहिणार.

सकाळी खिडकीवर एक फुलवाली आली. तिच्या आईच्या मृत्यूचा दाखला हवा होता, निरोप आलाच नाही म्हणून भांडायला आलेली. चिमणी माझ्या शेजारीच होती. तिने त्या बाईंची नोंद उघडली आणि विचारलं, "हा तुमचा नंबर?" फुलवालीने वाकून बघितलं. "छे, हा कुठला? जुना अर्ज केला तेव्हा तर माझ्याकडे फोनच नव्हता." चिमणीने बेकरीवाल्याची नोंद उघडली. तोच नंबर. मग भराभर ज्यांच्या ज्यांच्या तक्रारी होत्या त्या सगळ्यांच्या उघडल्या. तोच. तोच. तोच. "अहो मॅडम, अर्ध्या गावाचा फोन नंबर एकच आहे!"

मी चष्मा पुसून पडद्याकडे बघितलं आणि माझे डोळेच पांढरे झाले.

माझा नंबर. माझा जुना नंबर. कुठलातरी म्हणजे कुठला? तर मी विभागाची मुख्य, माझा नंबर तेव्हा भिंतीवर चिकटवलेला असायचा, खिडकीवर कुणीही बसो, नजर वर केली की समोर तो! आम्ही सगळ्यांनीच तो टाकला होता, वर्षानुवर्षं, पाणीपट्टीवाल्याने देखील, तो आमच्याकडे असताना. आणि तो नंबर फोनसकट आता आईंकडे.

दुकान. कुत्रा. गटार. मृत्यूचा दाखला. सगळे निरोप खरे होते. पोचत होते. एका म्हाताऱ्या बाईकडे पोचत होते आणि ती आम्हाला येऊन सांगत होती. आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं!

मी खुर्चीवर बसले. चिमणी घाबरली, पाणी आणलं. सांगितलं तिला सगळं, रडत आणि हसत. फुलवालीही खिडकीतून ऐकत होती, ती म्हणाली, "मग बसलात काय? घरी जा की!" चिमणी म्हणाली, "जा मॅडम, इथलं मी बघते. एका दुसऱ्या नगरपालिकेत हेच झालं होतं. एकच नंबर पुष्कळ लोकांच्या नावावर दिसला की निरोप थांबवून आधी विचारायचं, असा प्रोग्रॅमचा तुकडा लिहून त्यांनी सगळ्यांसाठी ठेवून दिलाय. दुपारपर्यंत बसवते." म्हणजे तिथेही कुणीतरी भिंतीवर नंबर चिकटवला असणार. त्या अनोळखी ऑफिसातल्या माणसांच्या पाया पडावंसं वाटलं मला. जुनी कंपनी असती तर त्यांचा माणूस आत बघायला येईपर्यंत आई केव्हाच ताईंच्या गावी पोचल्या असत्या.

ह्यांना दुकानातून उचललं. रस्त्यात सांगितलं. हे मध्येच उभे राहिले. "पुसायला मीच शिकवलं तिला," एवढंच म्हणाले.

आई खिडकीशी बसल्या होत्या, हात मांडीवर. मी फळीवरून फोन काढला. "नको गं," त्या म्हणाल्या. अगदी अजिजीने म्हणाल्या. मी चालू केला आणि त्यांच्या हातात दिला. फोन वाजायला लागला. थांबेचना. एकामागून एक, सगळे अडकून बसलेले निरोप. आईंचे डोळे मोठे झाले. "तुला ऐकू येतंय?" त्यांनी मला विचारलं.

"येतंय आई. मला दिसतायत पण. हे बघा, परवाना. हे बघा, गटार. सगळे आमच्या ऑफिसचे आहेत. चूक आमची आहे. तुम्हाला काही झालेलं नाही. काही म्हणजे काही झालेलं नाही!"

हे त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसले. मी सगळं समजावून सांगितलं, नंबर, भिंत, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग फार हळू बोलल्या. "मी आयुष्यभर लोकांचे निरोप जोडून दिले. न आलेला निरोप आला असं एकदाही म्हटलं नाही. पण तुम्ही दोघं माझ्याशी खोटं बोलणार नाही, हेही मला माहीत. मग म्हटलं, मीच. माझंच गेलं. शनिवारपासून तर मी वाचणंच सोडलं. वाजला की भीती वाटायची." आणि मग रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तशा रडताना बघितलं नव्हतं.

मी मात्र मंगळवारी लिहिलंय, आईंना बरं वाटतंय. कपाळ माझं!

रडून झाल्यावर नाक पुसलं आणि आवाज एकदम पूर्वीचा. "ती मृत्यूच्या दाखल्याची वाक्यं तू लिहिलीस का? 'आपला मृत्यूचा दाखला'? अगं, घेणारा मेलेला नसतो, एवढं कळू नये?" उद्या सकाळी पहिलं काम, ती वाक्यं बदलणं. जीव भांड्यात पडला म्हणतात ते काय असतं, आज कळलं. दोन घास जास्त जेवले मी. आईही जेवल्या.

रविवार, ३०

ताई गाडी घेऊन हजर. त्यांना फोनवर सांगितलं होतं, पण विश्वास बसला नव्हता. आईंनी त्यांना बसवलं आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, पाणीपट्टीवाल्यासकट. (तो काल मला म्हणाला, "नंबर तुमचा होता म्हणून पाठ झाला हो, माझा तरी कुठे दोष?" आणि स्वतःच हसत सुटला. साहेबांनी नवा प्रोग्रॅमच कायम केला. दाखल्याच्या वाक्यांची आमची दुरुस्ती चिमणी आता दुसऱ्यांसाठी ठेवून देणार आहे.)

ताई रडल्या. "आई, मी तुला वेडं ठरवलं गं." आई म्हणाल्या, "ठरवलंस खरं. पण खोली रंगवलीस, ते काय वेड्यासाठी नाही रंगवत कुणी. येईन मी. पाहुणी म्हणून येईन, मनात येईल तेव्हा परत येईन." ताई हसल्या, जेवल्या, गेल्या.

मग मी पलंगाखालची बॅग ओढून काढली आणि आईंच्या समोर रिकामी करायला बसले. चार दिवस मनात खुपत होतं ते विचारलं, "ताईंनी तुम्हाला कधी सांगितलं होतं हो?"

"तिने कुठे काय सांगितलं?"

"मग ही कधी भरलीत?"

"तुम्ही तिघं स्वयंपाकघरात दार लावून बसला होतात ना, मी जागीच होते." त्या माझ्या हातातून आपले कपडे घेऊन कपाटात लावत होत्या. "मला सांगायचं काम तुझ्या गळ्यात पडलं, ऐकलं मी. तुझ्याच्याने ते झालं नसतं. म्हटलं, आपणच तयार राहावं, म्हणजे तुला तोंडाने सांगायला लागणार नाही."

मी बॅगेत डोकं घालून हमसून हमसून रडायला लागले. आई आधी बघत राहिल्या, मग माझ्या शेजारी टेकल्या.

"अगं वेडे, आता कशाला रडतेस? आता तर मी राहतेय."